खान्देशात जुन्या वस्तू शोधायच्या असतील तर कुठे जायचं, काय बघायचं

मुंबईला चोर बाजार आहे, पुण्याला बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, आणि आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे तसं एका जागी काहीच नाही, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की इकडे जुनं काही मिळतच नसेल. मिळतं हो, भरपूर मिळतं. फक्त कोणी 'अँटिक'ची पाटी लावून, काचेच्या कपाटात ठेवून विकत नाही. भांड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत मोडीच्या पोत्यात असतं, भंगारवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतं, रद्दीच्या गठ्ठ्यात असतं, पाडायला काढलेल्या माडीच्या घरात असतं, आठवडे बाजाराच्या अगदी शेवटच्या टोकाला गोणपाटावर कुलपं, पकडी, जुने नळ मांडून बसलेल्या एखाद्या बाबांकडे असतं. आणि यातलं बरंचसं तिथे थांबणारं नसतं, पोतं भरलं की ते गाडीत जातं आणि तिथून भट्टीत. त्यामुळे आपल्याकडे सगळा खेळ वेळेचा आहे, वस्तू वितळायच्या आधी तुम्ही तिच्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

मग सगळ्यात आधी कुठे जायचं, तर मोड घेणाऱ्या भांड्यांच्या दुकानात. मी पहिलं नाव याचंच घेते, भंगाराचं नाही. लग्नसराईत लोक आजीचा हंडा, घंगाळ, तांब्याचा बंब घेऊन येतात, मोडीत घालतात आणि स्टील, कुकर, मिक्सर घेऊन जातात. तुळशीचं लग्न झालं की सुरू होतं ते पार जेठ महिन्यापर्यंत चालतं, मध्ये आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा घरात नवीन काहीतरी येतं आणि जुनं बाहेर निघतं. दुसरा हंगाम घट बसायच्या आधीचा, घरातली सगळी भांडी, माळ्यावरचं सगळं सामान घासायला खाली उतरतं आणि सून म्हणते हे आता परत वर चढवायचं नाही. त्यानंतर धनतेरसची खरेदी. या तीन वेळा सांभाळल्या तरी वर्षाचं बरंचसं काम होतं.

एप्रिल-मे मध्ये जाणार असाल तर सकाळी आठ-नऊला पोहोचा आणि अकरापर्यंत काम संपवा. भुसावळ-जळगावचं ऊन ४४-४५ पर्यंत जातं, दुपारी दुकानदार शटर अर्धं ओढून झोपतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहणं म्हणजे तब्येतीशी खेळ आहे. भंगारवाल्याचं मात्र घड्याळ वेगळं असतं. सकाळी हातगाड्या गावात फिरायला निघतात, चार-साडेचारला परत येऊन वजन होतं. तुम्ही त्या वजनाच्या वेळेला तिथे असाल तर माल फोडायच्या, चेपायच्या आधी बघायला मिळतो, दुसऱ्या दिवशी गेलात तर त्याच समईचे तीन तुकडे झालेले असतात कारण ते पोत्यात मावायला हवेत.

सोबत काय न्यायचं तर एक छोटं लोहचुंबक, टॉर्च, भिंग, मोजपट्टी, हुकाचा काटा, जुनी चादर, आणि सुट्टे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं पण आठवडे बाजारातल्या म्हाताऱ्या मावशीला रोखच द्यावी लागते. एक छोटी वही पण ठेवा, तिचं काम पुढे सांगते.

जायच्या आधी डोळा तयार करा असं मी प्रत्येकाला सांगते. चाळीसगावला स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आता संग्रहालय आहे, फोटोग्राफर म्हणून त्यांचं नाव मोठंच, पण जुन्या वस्तूंचाही संग्रह त्या घरात आहे, तो सावकाश बघा. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ ला वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आणि संग्रहालय तिथेच आहे. खरी जुनी वस्तू, खरा जुना कागद एकदा नीट जवळून बघितला की बाजारातली नकली वस्तू लांबूनच खटकायला लागते. मोबाईलवर फोटो बघून ही नजर येत नाही.

आता मोडीच्या दुकानात वागायचं कसं. आत शिरल्या शिरल्या "अँटिक आहे का" हा प्रश्न विचारू नका, तो शब्द उच्चारला की भाव दुप्पट. सरळ म्हणा, काका मला जुनी पितळेची, तांब्याची भांडी वापरायला आवडतात, मोडीत काही चांगलं आलंय का. धुळ्याकडे असाल आणि अहिराणी येत असेल तर "काय भाव शे भाऊ" एवढं म्हटलं तरी गप्पा सुरू होतात, रावेर-यावलकडे लेवा बोली येत असेल तर ती बोला. दुकानदाराचा हिशोब समजून घ्या. तो गिऱ्हाइकाकडून मोड घेताना मळ, डाख (सांध्याला लावलेला झाळ), कडेतली लोखंडी तार यांची घट धरतो आणि उरलेल्या वजनाचे पैसे देतो, पुढे भट्टीवाल्याला थोड्या नफ्यावर विकतो. म्हणजे तुम्ही त्याला मोडीच्या त्या दिवसाच्या भावावर किलोमागे बऱ्यापैकी वर दिलेत तर त्याचा फायदाच आहे आणि तुम्हाला नव्या भांड्यापेक्षा स्वस्त पडतं. हा सरळ व्यवहार मला सगळ्यात आवडतो, यात कोणी कोणाला फसवत नाही. एकदा ओळख झाली, दोन-तीनदा तुम्ही खरंच माल उचलला, की तो स्वतः फोन करतो, ताई एक दिव्याची ठाणवई आलीये, दोन दिवस ठेवतो. त्या फोनची सर कुठल्याच मॉलला नाही.

वस्तू हातात आली की पहिलं काम अक्षरं शोधायचं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत किती उपयोगी आहे हे लक्षात घ्या. कडेला, तळाला, कानाशी ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेलं नाव असतं, कोणी कोणाला कोणत्या निमित्ताने दिलं ते असतं, गाव असतं, पुष्कळदा साल असतं. साल शके असेल तर ७८ मिळवा, संवत असेल तर ५७ वजा करा. शके १८५० म्हणजे १९२८, संवत १९८५ म्हणजे पण १९२८, महिन्याप्रमाणे एखाद्या वर्षाचा फरक पडतो तेवढा सोडून द्या. मारवाडी आणि गुजराती घरांतली भांडी खान्देशात पुष्कळ मिळतात, तिथे संवतच असतो, आणि आकडे गुजराती वळणाचे असले तर घाई न करता वाचा.

साल नसेल तर जिल्हा बघा, ही खास आपल्याकडची खूण आहे. खानदेश हा आधी एकच जिल्हा होता, १९०६ ला त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन झाले, आणि १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हाच्या सुमारास पूर्व खानदेशचं जळगाव आणि पश्चिमचं धुळे असं नाव पडलं. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा. म्हणजे एखाद्या लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या बिलावर, पेटीवर, भांड्यावर 'जि. पू. खानदेश' दिसलं की ती वस्तू मोटामोटी १९०६ ते १९६० मधली, तारीख लिहिलेली नसली तरी. जुनी सवय म्हणून काही लोक नंतरही तेच लिहीत राहिले, त्यामुळे वरची हद्द चार-पाच वर्षं सैल धरा. आणि 'जि. नंदुरबार' लिहिलेली वस्तू कोणी शंभर वर्षांची म्हणून दाखवली तर काय समजायचं ते समजा.

अशाच अजून काही खुणा. किंमत आणे-पैमध्ये छापलेली असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची, 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ मधली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिन त्या दिवशी सुरू झाला. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०. वजनं शेर-छटाकाची असतील तर मेट्रिकच्या आधीची, आणि मेट्रिक १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलं. शेराच्या वजनाला तर लगेच तपासता येतं, ८० तोळ्यांचा पक्का शेर साधारण ९३३ ग्रॅम भरतो, हुकाच्या काट्याला लावा. गंज आणि झीज धरून थोडं कमी भरेल पण पावणेदोन किलो भरलं तर ते दुसरंच काहीतरी आहे. लोखंडी वजनाच्या मागे शिसं भरून पडताळणीचा शिक्का मारलेला असतो तोही भिंगाने बघा.

पितळ-तांब्याची परीक्षा थोडी सविस्तर सांगते कारण इथे सगळ्यात जास्त पैसे जातात. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. पण जुन्या परातीच्या, हंड्याच्या कडेत मजबुतीसाठी लोखंडी तार वळवलेली असते, त्यामुळे फक्त कडेला चिकटलं म्हणून भांडं टाकून देऊ नका, पोटाला लावून बघा. चुंबक चिकटलं नाही म्हणजे जुनं, असं पण नाही, कालचं पितळ पण चिकटत नाही. मग हाताने ठोकून केलेलं आहे का ते बघायचं. जुन्या मठारलेल्या भांड्यावर ठोक्यांची खूण एकसारखी नसते, पोटाला एक, गळ्याला वेगळी, आणि आतून हात फिरवला की उंच-सखल लागतं. आताची हंडी पण मठारलेली मिळते, पण ती दिसण्यासाठी केलेली असते, सगळीकडे एका मापाचे ठिपके. मशीनवर ओढलेल्या भांड्याला आतून बारीक गोल गोल रेघा असतात. जुने हंडे-गुंड दोन-तीन भागांत करून जोडायचे, सांधा दातेरी दिसतो, तो आतून टॉर्च मारून बघा. शेवटी झीज बघा. तळ, कडी, कान, म्हणजे जिथे हात लागतो आणि जिथे जमीन लागते तिथे झीज असलीच पाहिजे. ज्या भांड्याचं कोरीवकाम सगळीकडे सारखं पुसट झालंय आणि तळ मात्र कोरा करकरीत आहे ते भांडं ॲसिडने म्हातारं केलेलं आहे. हिरवा गंज पण बघा, नखाने पावडरीसारखा सुटून आला आणि खाली एकदम चकचकीत निघालं तर तो चार दिवसांपूर्वीचा.

काशाची वाटी, थाळी असेल तर बोटाच्या पेराने टिचकी मारा, आवाज लांबत गेला पाहिजे. लगेच बसला तर कुठेतरी चीर आहे, आणि काशाला चीर गेली की ती थांबत नाही. कासं चेपत नाही, फुटतं, म्हणून चेपलेली थाळी काशाची म्हणून कोणी देत असेल तर ती पितळेची आहे. काशाचा मोडीचा भाव पितळेपेक्षा जास्त असतो त्यामुळे हा फरक खिशाला लागतो.

बैलांचं सामान विसरू नका. घुंगुरमाळा, शिंगांच्या पितळी शेंब्या, गळ्यातल्या घंटा. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या आणि हे सगळं खुंटीवर लटकत राहिलं. पोळ्याच्या आधी-नंतर गावोगावच्या आठवडे बाजारात निघतं. माझ्या मते खान्देशातली ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे, ओतकाम बघण्यासारखं असतं, आणि एकेका घंटेचा आवाज वेगळा.

यात्रांमध्ये सारंगखेड्याची, दत्तजयंतीला तापीकाठी भरते, घोड्यांसाठी देशभरातून लोक येतात. घोड्यांच्या बाजाराच्या आजूबाजूला खोगीर, रिकिबी, लगाम, पितळी सजावट यांची दुकानं असतात. बहुतेक माल नवाच असतो, पण घोडेवाल्यांकडे स्वतःचं जुनं सामान असतं, आणि ते बदलायला काढलं असेल तर बोलता येतं. आधी घोड्याचं कौतुक करा, मनापासून करा, मग सामानाकडे या. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, धुळ्याला पांझरेकाठी एकवीरा देवीची चैत्रात. यात्रेत जुनं कमी आणि नवं जास्त, हे आधीच धरून चला, तिथे माणसं भेटतात आणि माणसांकडून घरांचा पत्ता लागतो, तो जास्त मोलाचा.

भुसावळ मात्र वेगळंच प्रकरण आहे. रेल्वेचं गाव, पिढ्यान् पिढ्या नोकऱ्या रेल्वेत, त्यामुळे कंदील, हातबत्त्या, पितळी कुलपं, बिल्ले, टायमटेबलं, जाड पुठ्ठ्याची जुनी तिकिटं घराघरात असतात. 'जी.आय.पी.' ही इंग्रजी अक्षरं असतील तर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ती नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत गेली, म्हणजे वस्तू त्याच्या आधीची. पाचोरा-जामनेर छोट्या गाडीचं पण काही ना काही निघतं. इथे एक गोष्ट गंभीरपणे घ्या. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. रेल्वेने रीतसर लिलावात काढलेलं भंगार असेल तर त्याचा कागद असतो, तो मागा. कागद नाही, विकणारा घाईत आहे, आणि वस्तू नुकतीच खोलल्यासारखी दिसतेय, तर हात जोडून निघा. तिकिटं, टायमटेबल, पगाराची पाकिटं, निवृत्तीला मिळालेलं घड्याळ, असलं घरातलं सामान घ्या, तेच खरं तर जास्त बोलकं असतं.

सुरत-भुसावळ लाईन हा तर माझ्या दृष्टीने एक तयार रस्ताच आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, एकाच पॅसेंजरवर ही सगळी गावं, प्रत्येकाचा बाजाराचा वार वेगळा, निघायच्या आधी तिथल्या कोणाला तरी फोन करून वार विचारून घ्या. यातलं अमळनेर दोन दिवस ठेवा. प्रताप मिलचं गाव आहे ते, लाकडी धोटे, बॉबिन, कापडाच्या गाठींवर लावायची रंगीत लेबलं अजून हाती लागतात. आणि वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी १९४५ ला अमळनेरलाच सुरू झाली, तीच आजची विप्रो. त्या नावाचा वनस्पती तुपाचा डबा, बिलबुक, शेअरचा कागद कुठे दिसला तर गंजलेला असला तरी सोडू नका. तसंच फैजपूर. डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे झालं, नेहरू अध्यक्ष होते. यावल-रावेरच्या जुन्या घरांत त्या वेळचे फोटो, पत्रकं, बिल्ले असू शकतात. पण फैजपूरचं नाव सांगून कोणताही तिरंगी बिल्ला गळ्यात मारणारे पण आहेत, छपाई, तारीख, गावाचं नाव बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

कागदाबद्दल बोलतेच आहे तर रद्दीवाल्यांचं सांगते. परीक्षा संपल्यावर, म्हणजे एप्रिल-मे मध्ये रद्दी जास्त येते, तिच्यासोबत आजोबांच्या ट्रंकेतलं पण येतं. जुनी पंचांगं, दिवाळी अंक, शाळेची प्रगतीपुस्तकं, रेडिओ लायसन्सची पुस्तकं, सिनेमाची कार्डं. देवादिकांची चित्रं मिळाली तर भिंग लावा. जुन्या शिळाछापाच्या चित्रात ठिपके वेडेवाकडे आणि दाणेदार असतात, आताच्या ऑफसेटच्या छपाईत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते, मग खाली रवि वर्मा प्रेसचं नाव असलं तरी ती नंतरची कॉपी. मोडी लिपीतला कागद, पोथी, हस्तलिखित हाताला लागलं तर ते फ्रेम करून भिंतीला लावायच्या नादाला लागू नका. आधी वाचणाऱ्याला दाखवा, धुळ्याचं मंडळ त्यासाठीच आहे. वतनाचा, जमिनीचा, पाण्याच्या वाट्याचा कागद असेल तर एखाद्या गावाचा इतिहास त्यात असतो, आणि असा कागद सोफ्यामागे टांगून उन्हात पिवळा करणं मला अजिबात पटत नाही.

वाडे आणि धाब्याची घरं पडतात तेव्हाचं लाकूड. पारोळा, एरंडोल, चोपडा, धरणगाव या बाजूला अजून जुनी घरं आहेत, आणि वाटण्या झाल्या की घर पाडायचा ठेका दिला जातो. ठेकेदार दारं-खांब-तुळया घनफुटावर विकतो. सागवान असेल तर उत्तमच, पण टॉर्च मारून भोकं बघा, भोकाखाली ताजा पिवळा भुस्सा पडलेला असेल तर कीड जिवंत आहे, घरी नेलंत तर बाकीचं फर्निचर पण खाईल. भोकं जुनी, काळी, भुस्सा नाही, तर चालेल. पेटी, संदूक, कपाट घेताना स्क्रू बघा, अधिक चिन्हाच्या खाचेचे असतील तर एकतर वस्तू अलीकडची किंवा नंतर दुरुस्त केलेली. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, बाजूचे सांधे हाताने कापलेले असतील तर दातांची मापं कमी-जास्त असतात. मागची फळी प्लायची आहे का तेही बघा. दाराची चौकट घेणार असाल तर गणेशपट्टी, महिरप, कडी-कोयंडा सगळं एकत्र मागा, तुकडे केले की ठेकेदाराला जास्त पैसे सुटतात पण दार संपतं.

सातपुड्याकडची चांदी, हा विषय मी हात राखून बोलते. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी भागातल्या आदिवासी बायकांचे दागिने फार देखणे असतात आणि होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात ते अंगावर बघायला मिळतात. ते बघा, विचारा, कौतुक करा. पण अंगावरचा दागिना मागायचा नाही, कधीच नाही. पैशाची अडचण आली की हेच दागिने सराफाकडे जातात, आणि सराफाने मोडीत घेतलेला दागिना तुम्ही त्याच्याकडून पावती घेऊन घेतलात तर ते योग्य. चांदी तपासून घ्या, कारण जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण आहे.

नाण्यांचं थोडक्यात. राणीछाप-राजाछाप चांदीचा रुपया एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर, चुंबकाला चिकटत नाही. १९४० पासून त्यात चांदी निम्मी केली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. राम-सीता, हनुमान असलेलं १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं कोणी दाखवलं तर ते कंपनीचं नाणंच नव्हे, कंपनीने असलं काही पाडलं नाही. तांदूळ खेचणारं तांब्याचं भांडं, खोदकामात सापडलेला हंडा, जुन्या नोटेचे लाखो रुपये, हे सगळे फसवणुकीचे धंदे आहेत आणि आपल्याकडे यात लोकांनी शेती विकून पैसे घातलेत. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात नसते आणि त्यासाठी कोणाकडून कमिशन घेत नाही. घरातल्या मोठ्यांना हे समजावून सांगा.

ग्रामोफोन चकचकीत पितळी कर्ण्याचा आणि कुत्र्याच्या स्टिकरचा असेल तर बहुतेक नवा जुळवलेला असतो, मी म्हणेन त्याऐवजी तबकड्या घ्या. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात, पडल्या की फुटतात, आणि त्यांना स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. एचएमटीच्या घड्याळात डायल, काटे, मागचं झाकण एकाच जातीचे आहेत का बघा, भडक रंगाची नवी डायल घालून विकायचं प्रमाण खूप आहे. कंदिलात ओगलेवाडीचा प्रभाकर मिळाला तर घ्याच.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. शंभर वर्षांवरची मूर्ती, चित्र, नाणं, कलाकुसरीची वस्तू ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, हस्तलिखिताला ७५ वर्षं. मूर्ती, चित्रं, हस्तलिखितं अशा काही प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते, विकायचा धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि परदेशात पाठवायची तर खासगी माणसाला परवानगीच नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याच्या बॅगेत काही टाकू नका. जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्तीचं असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ चा कायदा आहे. हस्तिदंत, वाघाचं कातडं, सांबराची शिंगं, यांना हातच लावू नका. नऊ इंचांवरच्या पात्याची तलवार-कट्यार असेल तर शस्त्र कायदा बघा. आणि शेंदूर, कुंकू, तेल लागलेली मूर्ती कोणी पिशवीतून काढून दाखवत असेल तर ती कुठल्या तरी देवळातून किंवा देव्हाऱ्यातून आलेली आहे, ती घ्यायची नाही.

भाव करताना आधी तुमच्या मनातला आकडा ठरवा आणि मग बोला. दुकानदाराशी, भंगारवाल्याशी घासाघीस जरूर करा, त्यांचा तो धंदाच आहे. घरातून विकणाऱ्या आजीशी, आबांशी मात्र मी घासाघीस करत नाही, उलट वस्तू जास्त किमतीची असेल तर ते स्पष्ट सांगते. त्यांना फक्त मोडीचा भाव माहीत असतो, आणि त्याचा फायदा घेणं म्हणजे त्यांच्या लग्नातल्या भांड्याची चोरी केल्यासारखंच आहे. कानबाई देवीचं भांडं आहे, देवाची परात आहे असं कोणी म्हणालं तर तिथेच विषय सोडा.

आणि आता ती वही. वस्तू घेतली की तिथेच उभं राहून लिहा, कोणत्या गावातून आली, कोणाच्या घरची, काय कामाला वापरायचे, घरात तिला काय म्हणायचे, कोणत्या लग्नात आली. मला ही वही वस्तूइतकीच महत्त्वाची वाटते. मोडीच्या ढिगात पडलेला हंडा म्हणजे सव्वाचार किलो पितळ, त्याला गाव जोडलं की तो तांदळवाडीच्या पाटलांच्या घरचा, विहिरीवरून पाणी आणायचा, सासूने सुनेला दिलेला हंडा. ही माहिती सांगणारी पिढी ऐंशीच्या पुढे गेलीय, दुकानदाराला विचारलं तर तो गिऱ्हाइकाचं गाव तरी नक्की सांगतो, तेवढं पण लिहा. नाव-गाव कोरलेलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, आणि त्या घरचं कोणी पुढे भेटलं आणि त्यांना परत हवं असेल तर घेतलेल्या किमतीत देऊन टाका.

घरी आणल्यावर लगेच चिंच-मीठ, पितांबरी घेऊन बसू नका. आधी कोमट पाणी, साधा साबण, मऊ कपडा, आणि पूर्ण कोरडं करा. जुना तपकिरी रंग हा मळ नसतो, तो घासून काढला की परत यायला वर्षं जातात, आणि ठिपक्यांची कोरलेली नावं घासून घासूनच बुजलेली असतात. नाणी तर अजिबात घासू नका. स्वयंपाकाला वापरायचं असेल तर कल्हई करून घ्या, तांब्याला तर हवीच, पितळेत आंबट काही करणार असाल तर त्यालाही हवी. कल्हईवाल्याला विचारून कथील आणि नवसागर वापरून समोर करून घ्या, आणि आत डाख लावलेला जुना सांधा दिसत असेल तर त्यात शिसं असू शकतं, अशा भांड्यात शिजवायचं नाही, पाणी पण भरून ठेवायचं नाही, त्यात झाड लावा किंवा तसंच ठेवा. कल्हई एकदा केली म्हणजे कायमची नाही, आतून तांबूस-पिवळं दिसायला लागलं की परत करा, आणि तोपर्यंत तारेची घासणी त्या भांड्याच्या आसपास पण येऊ देऊ नका.